शिंगाळा खायचा तर आधी काटा, मग बुळबुळ, मग तिखलं

मासळी बाजारात सुरमई आणि पापलेटपाशी भावाची घासाघीस चाललेली असते, तेव्हा दोन हात पलीकडे एक मिशावाला मासा पडून असतो. पाठ करडी-निळसर, पोट पांढरं, अंग चकचकीत, खवला एकही नाही. पुष्कळ जण त्याच्याकडे बघतात आणि पुढे जातात. कुणी सांगतं, तो घाण खातो. कुणी म्हणतं, त्याच्या काट्यात विष असतं. कुणाच्या आजीनं तो घरात आणू दिला नव्हता म्हणून नातवंडंही आणत नाहीत, कारण मात्र विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. हा शिंगाळा. काही ठिकाणी त्याला शेंगाळा म्हणतात, खाली सिंधुदुर्गाकडे शेंगटी, गोव्यात सांगट.

माझं म्हणणं असं की याच्याबद्दल जेवढं ऐकायला मिळतं त्यातल्या दोनच गोष्टी पाळण्यासारख्या आहेत. एक काट्याची, दुसरी विणीच्या काळाची. बाकीच्या ऐकायला बहारीच्या आहेत आणि त्या मी खाली सांगणार आहे, पण त्यांच्यापायी हा मासा सोडू नये. मधला काटा काढला की ताटात बारीक काटे फारसे राहत नाहीत, मांस मऊ आणि गोडसर असतं, आंबट-तिखट रस तो छान पितो, आणि खिशालाही परवडतो.

कोणता मासा हातात आहे ते बघा

समुद्रातल्या शिंगाळ्याच्या खुणा सोप्या आहेत. तोंडाभोवती मिशा. पाठीवर आखूड पर आणि त्याच्या पुढच्या कडेला एक ताठ काटा. त्यामागे शेपटीच्या अलीकडे एक छोटा, मांसल, बिनकाट्याचा पर. शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. शास्त्रीय भाषेत हे एरिइडी कुळ. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या बऱ्याच जाती मिळतात आणि कोळणी त्या रंगावरून, मिशांवरून वेगळ्या ओळखतात. स्वयंपाकाला सगळ्यांची रीत एकच.

दोन मासे मात्र वेगळे काढायचे. पहिला मांगूर. त्याच्या पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत लांब असतो आणि शेपटी गोल. आपला गावठी मांगूर चांगला मासा आहे, पण बाजारात टबात वळवळणारा मोठा काळपट मांगूर बहुतेक वेळा आफ्रिकन असतो. लोक त्याला थाई मांगूर म्हणतात. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली. तो तळ्यातून निसटला तर स्थानिक मासे फस्त करतो, आणि त्याला कत्तलखान्याचा कचरा घालून वाढवल्याची प्रकरणं वारंवार उघडकीला आलेली आहेत. 'मिशावाला मासा घाणेरडा' ही बदनामी खरं तर याची आहे. समुद्रातला शिंगाळा तिच्यात फुकट भरडला जातो.

दुसरा, वामीसारख्या निमुळत्या शेपटीचा आणि गडद अंगावर लांबीच्या दिशेनं पांढरट पट्टे असलेला. हा कधीमधी रापणीच्या जाळ्यात येतो. त्याचा डंख शिंगाळ्यापेक्षा कितीतरी भारी. ओळख पटली नाही तर हात लावू नका, पोरांना तर मुळीच लावू देऊ नका.

पावसाच्या सुरुवातीला ओढ्या-वहाळांतून शेतात चढणाऱ्या बारक्या शिंगट्या हा आणखी निराळा विषय आहे. चढणीच्या माशांवर स्वतंत्र लिहायला हवं, इथे नको.

आणि हे माहीत असू द्या की मुंबईच्या हॉटेलात 'बासा' नावाची जी पांढरी, बिनकाट्याची, बिनवासाची फिले लिंबाच्या फोडीसह येते, तीही याच मिशावाल्या गोतातली. गोड्या पाण्यातल्या तळ्यांत वाढवतात. गावी शिंगाळ्याला नाक मुरडणारे चाकरमानी तिकडे बासा मिटक्या मारत खातात.

विकत घेताना

चार माणसांच्या कालवणाला दीड किलोचा एक मासा घ्या. डोकं मोठं आणि हाडकं असल्यामुळे साफ केल्यावर हातात बरंच कमी येतं, हा हिशेब भाव ठरवतानाच करायचा. तीन-चार किलोंचा धूड स्वस्तात मिळत असला तरी त्याचं मांस राठ असतं. तो तुकडे करून वाटून घेणाऱ्यांसाठी ठीक.

ताजेपणाची पहिली खूण बुळबुळ. ती स्वच्छ, पाण्यासारखी पारदर्शक हवी. पिवळट, घट्ट, दोरे सुटणारी असेल तर मासा शिळा. कल्ले उघडून बघा, लाल हवेत. पोट दाबून बघा, बोट रुतून खळगा राहायला नको. डोळ्यांवर फार विसंबू नका, याचे डोळे मुळातच बारके आणि निस्तेज.

मग विचारा, मासा खाडीचा की दर्याचा? हा प्रश्न लाजून टाळू नका. शिंगाळा तळाशी चरतो. बारके खेकडे, कोळंबी, शिंपल्या, किडे, छोटे मासे असं जे मिळेल ते खातो, आणि सडलेलंही सोडत नाही. पण तळातलं कुजकं चिंबोरीही खाते आणि कोळंबीही खाते. चिंबोरीच्या रश्श्याला कुणी कधी 'घाण' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तेव्हा मासा काय खातो यापेक्षा कुठल्या पाण्यात खातो ते महत्त्वाचं. लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्यानं दाभोळ खाडीत मासे मेल्याच्या तक्रारी तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत. तसं पाणी जिथे असेल तिथला तळचर मासा मी घेत नाही, मग तो शिंगाळा असो नाहीतर आणखी काही. मोठ्या शहराच्या नाल्यांच्या तोंडाशी गळ टाकून धरलेल्यालाही तोच नियम.

शेवटचा प्रश्न: "मावशी, काटे मोडलेत ना?" पुष्कळ होड्यांवर शिंगाळा जाळ्यातून सोडवतानाच त्याचे काटे मोडतात. पण पुष्कळ म्हणजे सगळे नव्हेत. पैसे देताना तिच्याकडूनच मोडून घेतले तर घरी निम्मं काम वाचतं.

काटा

काटे तीन. एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना. तिन्हींच्या कडांना करवतीसारखे दाते असतात आणि वरून कातडीचं पातळ आवरण. विष तयार करणाऱ्या पेशी त्या आवरणात असतात. काटा अंगात शिरला की आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं, दाते उलटे असल्यामुळे काटा ओढताना मांस फाडत बाहेर येतो. मासा मेला म्हणून काटा मेला असं होत नाही. बर्फातून काढलेल्या माशाचाही काटा लागतो आणि ठणकतो.

आणखी एक खोड आहे. घाबरला की शिंगाळा हे काटे ताठ उभे करतो आणि मुळाशी ते खिटीसारखे अडकतात. तो मेला तरी काटे तसेच उभे राहतात. ते दाबून आडवे करायला जाऊ नका. बहुतेकांच्या हातात काटा तिथेच शिरतो.

पद्धत अशी. मासा फळीवर आडवा ठेवा. डोक्यावर गोणपाटाचा किंवा जाड कापडाचा दुहेरी तुकडा टाकून डाव्या हातानं घट्ट दाबा. उजव्या हातात पक्कड घ्या, विळी नको. पाठीचा काटा मुळाशी धरून पक्कडीनं कापा किंवा पिळून मोडा. मग एका कुशीवर वळवून कल्ल्यामागचा, मग दुसऱ्या कुशीचा. पक्कड नसेल तर कोयत्याचा एक ठोका मुळावर पुरे, मात्र तो हातापासून लांब जाणारा हवा. मोडलेले तिन्ही काटे मोजा. तिसरा कुठे गेला ते सापडेपर्यंत मोरीत हात घालायचा नाही. सापडले की वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून टाका. नुसते कचऱ्याच्या पिशवीत टाकलेत तर कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतील.

लागलाच तर? पहिल्यांदा वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवा. मग सोसेल तितक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, हात किंवा पाय बुडवून ठेवा, अर्धा ते दीड तास, पाणी निवलं की बदलत. हे विष प्रथिनाचं बनलेलं असतं, उष्णतेनं त्याचा जोर मोडतो आणि ठणका उतरतो. पाण्याचा अंदाज चांगल्या हातानं घ्या. दुखऱ्या हाताला कळत नाही आणि वर भाजतं ते वेगळंच. बर्फ लावू नका. घट्ट दोरी बांधू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज वर चढत असेल, ताप आला असेल, किंवा ज्याला लागलं त्याला मधुमेह असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. समुद्राच्या पाण्यातले काही जिवाणू अशा जखमेत झपाट्यानं वाढतात.

याच्या उताऱ्याची एक समजूत जगात अनेक ठिकाणी आहे: ज्या माशानं टोचलं त्याचीच बुळबुळ जखमेवर चोळायची. यात तथ्याचा एक कण आहे आणि म्हणूनच ती धोक्याची. इराणच्या आखातातल्या शिंगाळ्याच्या कातडीवरच्या स्रावाचा कुवेतमध्ये बराच अभ्यास झाला. जखम भरून यायला मदत करणारे घटक त्यात सापडले, आणि त्याच ताज्या स्रावात विषारी प्रथिनंही सापडली. प्रयोगशाळेत ती वेगळी काढता येतात, बंदरावर येत नाहीत. तेव्हा गरम पाणी बरं.

बुळबुळ, आणि खवल्यांची गोष्ट

काटे गेले की उरते बुळबुळ. शिंगाळ्याच्या रश्श्याला उग्र वास आला अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्याकडे बहुतेक वेळा इथेच घाई झालेली असते.

सगळ्यात सोपी जुनी रीत राखेची. चुलीतली चाळलेली लाकडाची राख मूठभर घेऊन डोक्याकडून शेपटीकडे आणि मग उलट चोळायची. राख बुळबुळ ओढून घेते आणि हातातला मासा सटकत नाही. चूल नसलेल्यांनी जाडं मीठ आणि तांदळाचं पीठ सारख्या भागानं घ्यावं. पाच मिनिटं चोळून धुवा, पुन्हा एकदा करा. मग चिंचेचा कोळ किंवा आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, लावून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा धुवा. बोट फिरवल्यावर कातडी करकरली पाहिजे.

ज्यांना कातडीवर डाग सुद्धा नको असतो ते गरम पाणी वापरतात. उकळतं नको. उकळी यायच्या आधी उतरवलेलं पाणी एका बाजूवर ओतायचं आणि लगेच सुरीच्या पाठीनं खरवडायचं. बुळबुळीचा पांढरा पापुद्रा निघून येतो. जास्त वेळ पाण्यात ठेवलात तर कातडी शिजते आणि फाटते. मी मीठ-पिठावरच भागवते.

खाडीतल्या माशाला कधी कधी मातकट वास येतो तो बुळबुळीचा नसतो, मांसात मुरलेला असतो. त्याचं कारण जिओस्मिन नावाचं संयुग, पाण्यातले काही जिवाणू ते तयार करतात. पहिल्या पावसात जमिनीचा जो वास आपण छाती भरून घेतो त्यातही हेच असतं. तिथे हवंहवंसं, ताटात नकोसं. आंबटात जिओस्मिन मोडतं. म्हणून खाडीच्या शिंगाळ्याला चिंच-कोकम सढळ हातानं घालायची कोकणातली पद्धत चवीइतकीच कामाचीही आहे.

आता खवले. शिंगाळ्याबद्दलची सगळ्यात जुनी समजूत त्याच्या उघड्या अंगाबद्दल आहे, आणि तिच्यावरची सगळ्यात सुंदर गोष्ट आपल्या अलिबागेच्या बाजूची आहे.

ज्यूंच्या धर्मग्रंथात, तोरातल्या लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, पाण्यातल्या प्राण्यांचा नियम दिलेला आहे: ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तेच खावं. शिंगाळ्याला पर आहेत, खवले नाहीत, म्हणजे तो बाद. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू सांगतात की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, ती माणसं मराठी बोलू लागली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. केहिमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावं पडली.

मग बाहेरून डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान ज्यू आला. त्याचा काळ कोणी हजार वर्षांपूर्वीचा धरतात, कोणी अठराव्या शतकातला. ही माणसं खरोखर आपल्यातली आहेत का, हे त्याला पारखायचं होतं. परंपरा सांगते, त्यानं बायकांपुढे सगळ्या तऱ्हेची मिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवल्याची मासळी एकीकडे काढली आणि बिनखवल्याची दुसरीकडे सारली, ही आम्ही खात नाही म्हणून. त्याची खात्री पटली. पोथी नाही, प्रार्थनेची भाषा नाही, पण विळीवर बसलेल्या बाईच्या हाताला नियम ठाऊक होता. त्या बाजूला सारलेल्या ढिगात काय काय होतं ते गोष्टीत येत नाही. कोकण किनाऱ्यावरची मिसळ मासळी म्हटली की तीत एखादा शिंगाळा असणारच, असं मी आपलं धरून चालते.

मुसलमानांमध्येही याच प्रश्नावर वाटा फुटतात. शिया परंपरेत खवले नसलेला मासा वर्ज्य, तर आपले कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असल्यामुळे त्यांना समुद्रातली मासळी सगळी चालते. एकाच बंदरावर, एकाच टोपलीपुढे उभं राहून एक गिऱ्हाईक श्रद्धेनं नाही म्हणतं आणि दुसरं श्रद्धेला धक्का न लागता हो म्हणतं. ज्यांचा हा धर्माचा नियम आहे त्यांचा मान ठेवावा. ज्यांचा नाही, त्यांनी मात्र 'खवले नाहीत म्हणजे विषारी' असं त्याचं आरोग्यशास्त्र करू नये. मोरीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, अंगावर तरी ओळखीचे खवले कुठे असतात? आणि मोरी आपण बाळंतिणीला मुद्दाम देतो.

कापणं, आणि डोक्याचं काय करायचं

पोट गुदद्वारापासून वर गळ्यापर्यंत चिरा, सुरी उथळ ठेवून. आतलं सगळं एका झटक्यात ओढू नका, हिरवट पित्ताची पिशवी फुटली तर कडवटपणा धुऊन जात नाही. ती बोटानं सोडवून आधी बाहेर काढा. मणक्याला चिकटलेलं काळपट रक्त चमच्याच्या टोकानं खरवडा. वासाचा उरलासुरला भाग तिथे असतो. पाठीला चिकटलेला पांढरा फुगा, म्हणजे भोत, टाकू नका, मोठ्या माशाचा असेल तर रश्श्यात चिवट-मऊ छान लागतो.

तुकडे बोटभर जाडीचे करा. पातळ केलेत तर शिजताना विरघळतात. तुकड्याच्या कडेला कातडीखाली गडद लाल मांसाची पट्टी दिसेल. ज्यांना उग्र चव नको त्यांनी ती सुरीनं काढावी. मी मोठ्या माशाचीच काढते.

डोकं विळीनं फुटत नाही, कोयता लागतो. मधोमध उभं फोडून, कल्ले पूर्ण काढून, कालवणात घातलं तर रसाला दाटपणा येतो. खायला त्यात फार काही नाही, पण चोखणारे चोखतात.

हेच डोकं उकळून, मांस काढून, उन्हात वाळवलं की निघणाऱ्या कवटीबद्दल एक भलतीच कथा आहे, आणि ती इथली नाही, कॅरिबियन बेटांची आणि दक्षिण अमेरिकेची. तिथले ख्रिस्ती कोळी समुद्रातल्या शिंगाळ्याच्या कवटीची खालची बाजू दाखवतात: हाडांच्या रचनेत हात पसरून क्रुसावर टांगलेली आकृती दिसते. कवटी हलवली की आत खुळखुळ वाजतं, ते म्हणे येशूच्या वस्त्रासाठी शिपायांनी टाकलेले फासे. खुळखुळणारे असतात माशाच्या कानातले खडे, शिंगाळ्यात ते चांगले मोठे असतात. रंगवलेल्या कवट्या तिथे विकतात. आकृती दिसते का हे ज्याचं त्यानं बघावं. खुळखुळ मात्र नक्की ऐकू येते, पोरं खूश होतात.

तिखलं

ही रीत सिंधुदुर्गाकडची, तिरफळाची. साफ केलेल्या किलोभर तुकड्यांना हळद, मीठ आणि चमचाभर आगळ लावून अर्धा तास ठेवा.

वाटणाला अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, गरम पाण्यात भिजवलेल्या दहा-बारा ब्याडगी मिरच्या, झणझणीत हवं तर दोन-तीन लवंगी, एक मोठा चमचा धणे, पाव चमचा हळद आणि चार लसूण पाकळ्या. गंधासारखं बारीक वाटा. शिंगाळ्याचं मांस मऊ असतं, वाटण खरबरीत राहिलं तर तोंडात दोन्ही वेगवेगळे लागतात.

तिरफळं आठ-दहा. आतली काळी बी काढून टाका, ती कचकचते. टरफलं खलात हलकीच चेचून अर्धी वाटी कोमट पाण्यात टाकून ठेवा. वाटणात घालून वाटायची नाहीत, रस कडू होतो.

मातीचं भांडं असेल तर उत्तम, नसेल तर पसरट टोप. दोन चमचे खोबरेल तेल तापवून वाटण घाला, मंद आचेवर तेल सुटू लागेपर्यंत परता. दोन वाट्या पाणी, मीठ, सहा-सात आमसुलं. चांगली उकळी आली की तुकडे एकाच थरात रचा, वर तिरफळं पाण्यासकट. झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. या वेळात डाव घालायचा नाही. ढवळायचंच असेल तर फडक्यानं दोन्ही कान धरून भांडं गोल फिरवा. शेवटी कच्चं खोबरेल अर्धा चमचा वरून सोडा आणि झाकून ठेवा, निदान अर्धा तास. गरम गरम वाढायचा मोह आवरा. तिरफळाचा वास निवताना मुरतो, आणि संध्याकाळचं तिखलं दुसऱ्या सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर जास्त चांगलं.

रायगड-ठाण्याकडे आगरी-कोळी घरांत कालवण वेगळं होतं. खोबरं थोडं किंवा अजिबात नाही, लसूण ठेचून फोडणीला, घरचा मसाला, चिंचेचा कोळ, रस पातळ. एप्रिल-मेमध्ये चिंचेऐवजी कैरीच्या फोडी. खाडीच्या माशाला मला ही पद्धत जास्त पटते, वास दाबायला खोबऱ्यापेक्षा लसूण-चिंच बरी. गोव्यात सांगटाचं आंबट-तिखट करतात, आंबट मिरचीच्या वाटणाचं, तेही याच बाजूचं. तळायचा विचार करत असाल तर सोडून द्या. या माशाच्या अंगात पाणी फार, तव्यावर ते सुटतं आणि रव्याचं कवच निसटून बाजूला पडतं. शेपटीकडचे दोन घट्ट तुकडे फार तर तळून बघा.

जेवणानंतर दूध घेऊ नका, अंगावर कोड फुटेल, हे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच कातडीच्या रंगपेशींवर उलटण्याचा विकार आहे, ताटातल्या जोडीनं तो होत नाही. पण समजूत जुनी आहे खरी. चरकसंहितेत मासे आणि दूध यांच्या विरोधावर चक्क वाद रंगलेला आहे: भद्रकाप्य म्हणतो, चिलिचिम नावाचा मासा सोडून बाकी सगळे दुधाबरोबर चालतील, आत्रेय म्हणतात, कुठलाच नको. गंमत अशी की तिथे ज्याच्यावर मुख्य ठपका आहे तो चिलिचिम खवल्यांचा, लाल डोळ्यांचा मासा असं वर्णन आहे. त्या मुख्य ठपक्यातून तरी शिंगाळा सुटतो.

अंडी, आणि कधी घ्यायचा नाही

पोट चिरल्यावर कधी पिवळी, वाटोळी, सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठी अंडी निघतात. बांगड्याच्या किंवा रावसाच्या गाभोळीची सवय असलेला माणूस ती बघून दचकतो. खाण्याला हरकत नाही. मीठ-हळद लावून आधी वाफवा आणि मग कालवणात सोडा. शिजल्यावर ती पिठूळ लागतात. मला फारशी आवडत नाहीत, आवडणारे भांडून खातात.

पण अंडी पोटाऐवजी तोंडात दिसली तर? तो पिल्लं खाणारा राक्षस नाही. तो बाप आहे. समुद्रातल्या शिंगाळ्याची मादी मोजकीच, मोठी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. पिल्लं फुटून स्वतः पोहू लागेपर्यंत कित्येक आठवडे तो ती तोंडातच वागवतो आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहतो. बांगडा-तारलीसारखी लाखांनी अंडी सोडून द्यायची चैन या माशाला नाही. म्हणूनच असा एक नर पकडला की त्याच्याबरोबर एक अख्खी वीण जाते. १९८० च्या दशकात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत तोंडात अंडी धरलेले नर थव्याथव्यानं सापडले, आणि नंतर तिथलं शिंगाळ्याचं उत्पादन कोसळलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कागदोपत्री ही कहाणी नोंदलेली आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारी बंदी असते. पण बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, म्हणून विणी संपल्या असं नाही. तेव्हा पावसाळा सरता सरता शिंगाळा घेताना तोंड उघडून बघा. गालफड फुगलेलं आणि आत पिवळे गोळे असतील तर कोळणीला स्पष्ट सांगा, असला नको. मासा तर मेलेलाच असतो, तुमच्या नाही म्हणण्यानं तो जगत नाही. पण टोपली विकली गेली नाही की तांडेलापर्यंत, म्हणजे होडीच्या म्होरक्यापर्यंत, बातमी पोचते.

आगोटीसाठी

मेमध्ये आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी होते तेव्हा शिंगाळा खारवून ठेवण्यासारखा आहे. पाठीच्या बाजूनं चिरून वहीसारखा उघडा, डोकं काढून टाका, रक्ताचा मागमूस राहू देऊ नका. तीन भाग माशाला एक भाग जाडं मीठ, थरावर थर, खाली पाणी निथळायला जागा असलेल्या टोपलीत रात्रभर. सकाळी मीठ झटकून मांडवावर किंवा दोरीवर उन्हात टाका, जमिनीवर नको. रात्री आत घ्या. जाड मासा तीन-चार कडक उन्हांत वाळतो. वाकवल्यावर कडा मोडायला हव्यात आणि मधे बोट दाबल्यावर मऊ लागता कामा नये, नाहीतर जूनच्या दमटपणात बुरशी धरते. कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वापरताना अर्धा तास गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेका, मग वांगं-बटाट्यात किंवा शेवग्याच्या शेंगांत घाला, आणि मीठ अगदी शेवटी, चाखूनच.